शेजाऱ्याच्या बॉयलरची वाफ आपल्या खिडकीवर: इंग्लंडमध्ये नियम नेमकं काय म्हणतात

थंडी पडायला लागली, ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे गेली की इकडच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फराळाच्या ऑर्डरींच्या मधेच कोणीतरी एक फोटो टाकतंच. विटांची भिंत, भिंतीतून बाहेर आलेला बुटका पांढरा पाइप आणि त्यातून भसाभस येणारी वाफ. खाली मेसेज असा, की शेजाऱ्याने नवीन बॉयलर बसवलाय, पाइप आमच्या बाजूला काढलाय, सकाळ-संध्याकाळ सगळं आमच्या किचनच्या खिडकीवर येतं, हे लीगल आहे का? मग उत्तरं सुरू होतात. एक जण म्हणतो ३०० मिलिमीटर अंतर असलं की झालं, दुसरा म्हणतो नाही नाही अडीच मीटर लागतं, तिसरा म्हणतो काउन्सिलला कळवा, चौथा थेट सॉलिसिटरचा नंबर देतो.

गंमत म्हणजे चौघंही आपापल्या जागी थोडेफार बरोबर असतात, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. कारण या भांडणात एक नाही, तीन प्रश्न आहेत. पाइप सुरक्षित जागी आहे का? पाइप कोणाच्या जागेत आहे? आणि त्यातून जे बाहेर येतंय त्याचा दुसऱ्याला त्रास होतोय का? तिन्हीचे नियम वेगळे, बघणारी ऑफिसं वेगळी, आणि एका प्रश्नात पास झालं म्हणून दुसऱ्यात पास होतंच असं अजिबात नाही. लोक इथेच अडकतात. खालचं सगळं इंग्लंडपुरतं धरा. वेल्समध्ये बरंचसं असंच आहे, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे. आणि हा कायदेशीर सल्ला नाही हेही आधीच सांगून टाकतो.

आधी तो पाइप काय आहे ते बघू. त्याला फ्लू म्हणतात आणि त्याचं बाहेरचं तोंड म्हणजे टर्मिनल. आजकालच्या बहुतेक घरांत कॉम्बी बॉयलर असतो, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही गरम करणारा एकच बॉयलर, तो किचनच्या कपाटात नाहीतर युटिलिटीमध्ये भिंतीवर टांगलेला असतो आणि फ्लू मागच्या किंवा बाजूच्या भिंतीतून आडवा बाहेर जातो. हा पाइप दुहेरी असतो, पाइपात पाइप. साधारण ६० मिलिमीटरच्या आतल्या पाइपातून जळलेला गॅस बाहेर जातो आणि १०० मिलिमीटरच्या बाहेरच्या पाइपातल्या फटीतून ताजी हवा आत येते. म्हणजे बॉयलर खोलीतली हवा घेतच नाही, बाहेरची घेतो आणि बाहेरच सोडतो. हे लक्षात ठेवा, कारण टर्मिनलसमोर कोणी भिंत किंवा कुंपण आणून ठेवलं की बॉयलर स्वतःचीच सोडलेली हवा परत ओढायला लागतो आणि ज्वलन बिघडतं. अंतराचे नियम बरेचसे यासाठी आहेत, शेजाऱ्यांनी गुण्यागोविंदाने राहावं म्हणून नाहीत.

आता तो पांढरा धूर. एप्रिल २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवीन गॅस बॉयलर, थोडे अपवाद सोडले तर, कंडेन्सिंग प्रकारचाच लागतो. जुन्या बॉयलरमधून बाहेर येणारा गॅस शंभर अंशांच्या बराच वर असायचा, तापलेला असल्यामुळे झटकन वर निघून जायचा आणि पाण्याची वाफ त्यात असूनही सहसा दिसायची नाही. कंडेन्सिंग बॉयलर त्याच गॅसमधली उष्णता पिळून काढतो, त्यामुळे बाहेर येतो तो गॅस पन्नास-साठ अंशांच्या आसपासचा आणि पाण्याने भरलेला. थंड हवेत आला की लगेच ढग. आणि पाणी काही थोडंथोडकं नसतं. एक घनमीटर नॅचरल गॅस जाळला की साधारण दीड लिटर पाणी तयार होतं, २४ किलोवॅटचा बॉयलर पूर्ण जोरात चालला तर तासाला अडीच घनमीटरच्या आसपास गॅस खातो, म्हणजे साडेतीन-पावणेचार लिटर पाणी झालं. त्यातलं काही बॉयलरच्या आतच थंड होऊन ड्रेनमध्ये जातं, उरलेलं वाफ बनून फ्लूमधून. या ढगाला इकडे प्लूम म्हणतात. तो जड आणि आळशी असतो, वर जायच्या ऐवजी समोर पसरतो, भिंतीला घासत सरकतो, उघड्या खिडकीतून आत शिरतो.

म्हणजे जमिनीवरून बघितलं तर चमत्कारिक परिस्थिती आहे. गॅस वाचावा म्हणून सरकारने नवे बॉयलर कंडेन्सिंगच घ्यायला लावले, घरं मात्र तीच राहिली. लंडनच्या आसपास हॅरो, हाउन्स्लो, स्लाउकडे १९३० च्या दशकातली सेमी-डिटॅच्ड घरं (एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेली, दुसऱ्या बाजूने मोकळी) ओळीने उभी आहेत, दोन घरांच्या मधे जेमतेम चाकांचा कचऱ्याचा डबा ढकलत नेता येईल असा साइड पॅसेज, आणि किचनच्या खिडक्या एकमेकींकडे तोंड करून. जुना बॉयलर त्याच भिंतीत वर्षानुवर्षं होता, कोणाला कळलंही नाही. त्याच भोकातून नवा फ्लू काढला आणि एका आठवड्यात बोलचाल बंद.

पहिला प्रश्न: सुरक्षित आहे का

अंतराचे आकडे येतात ते बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या (बांधकामाच्या नियमांच्या) अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट जे या सरकारी मार्गदर्शक पुस्तिकेतून आणि ब्रिटिश स्टँडर्ड ५४४० च्या पहिल्या भागातून. पंख्यावर चालणारा रूम-सील्ड (खोलीतली हवा न घेणारा) बॉयलर, म्हणजे आज जवळजवळ सगळेच, त्यांच्यासाठी मुख्य आकडे असे: उघडणारी खिडकी, दार किंवा हवेची जाळी यांच्या वर, खाली आणि बाजूला ३०० मिलिमीटर. जमिनीपासून ३०० वर. गटर किंवा आडव्या पाइपाच्या खाली ७५, छपराच्या पुढे आलेल्या भागाच्या खाली २००. एकाच भिंतीवर दोन टर्मिनल शेजारी-शेजारी असतील तर ३००, एकाखाली एक असतील तर १५००, आणि समोरासमोर असतील तर १२००. आता आपल्या कामाचे दोन: बाउंड्री टर्मिनलच्या बाजूला असेल तर ३०० आणि समोर असेल तर ६००.

बाजूला आणि समोर यातला फरक नीट बघा कारण ग्रुपवरचे अर्धे गोंधळ याच्यामुळेच होतात. टेरेस्ड घरात, म्हणजे दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेल्या रांगेतल्या घरात, मागच्या भिंतीतून फ्लू बाहेर काढला, तोंड तुमच्याच बागेकडे, शेजाऱ्याची हद्द डाव्या हाताला, तर ती बाउंड्री बाजूची, ३०० पुरे. सेमीच्या बाजूच्या भिंतीतून पॅसेजमध्ये काढला आणि तोंड शेजाऱ्याच्या घराकडे, तर बाउंड्री समोरची, ६०० लागणार. आणि खिडकीचा नियम कोणाची खिडकी हे बघत नाही, शेजाऱ्याच्या खिडकीलाही तेवढेच ३०० मिलिमीटर लागू.

पण या सगळ्याच्या वर आहे बॉयलर कंपनीचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये त्या मॉडेलसाठी जे अंतर दिलंय ते इंजिनिअरने पाळायचं असतं, ते वरच्या आकड्यांपेक्षा जास्तही असू शकतं आणि काही बाबतीत कमीही. डॉक्युमेंट जे सुद्धा म्हणतं की एखादं उपकरण कमी अंतरावर सुरक्षित चालतं हे दाखवून दिलेलं असेल तर बाउंड्रीपासून कमी अंतर चालू शकतं. म्हणून शेजाऱ्याशी वाद घालायच्या आधी त्याच्या बॉयलरचं मेक आणि मॉडेल माहीत करून घ्या, मॅन्युअल कंपनीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतं, फ्लूचं चित्र आणि त्याखालचं टेबल शोधायला दहा मिनिटं लागतात. टेप घेऊन कुंपणाशी उभं राहण्याच्या आधीचं काम हे आहे.

आणि तो अडीच मीटरचा आकडा? तो खोटा नाही, पण तो सुरक्षिततेचा नाही. कंडेन्सिंग बॉयलर सक्तीचे झाले तेव्हा सरकारने बॉयलर कुठे बसवायचा हे ठरवायला एक गाइड काढलं होतं, त्यात प्लूमच्या त्रासाचा विचार होता, आणि समोर २.५ मीटरच्या आत भिंत, खिडकी किंवा बाउंड्री येत असेल तर ती जागा प्लूमच्या दृष्टीने अडचणीची धरली होती. तिथून तो आकडा बऱ्याच मॅन्युअलमध्ये आणि इंजिनिअरांच्या तोंडी आला. त्याला शिफारस म्हणा. ६०० मिलिमीटर पाळलेत आणि २.५ मीटर पाळलेले नाहीत, अशा फ्लूला काढायला लावणं सोपं नसतं, पण "त्रास होईल हे आधीच माहीत होतं" हे दाखवायला तो आकडा उपयोगी पडतो. मॅन्युअलमध्येच तो सक्तीचा म्हणून छापलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

काम कोणी केलं हेही याच प्रश्नात येतं. गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर असलेल्या इंजिनिअरनेच करायचं असतं (१ एप्रिल २००९ च्या आधी हेच काम कॉर्गीकडे होतं, जुने लोक अजून कॉर्गीच म्हणतात). नवीन बॉयलर बसवला की इंजिनिअरने ३० दिवसांच्या आत नोंद करायची, ती काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे जाते आणि घरमालकाला कम्प्लायन्स सर्टिफिकेट पोस्टाने येतं. सर्टिफिकेट नसेल तर प्रकरण बऱ्यापैकी बदलतं.

दुसरा प्रश्न: कोणाच्या जागेत आहे

इथे नियम अगदी साधा आहे आणि लोक त्याच्यावरच सगळ्यात जास्त भांडतात. माझ्या पाइपचा एक इंच सुद्धा तुमच्या हद्दीत आला तर ते ट्रेसपास, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बेकायदा शिरकाव. नुकसान झालं की नाही, वाफ येते की नाही, काही दाखवावं लागत नाही. घराची बाजूची भिंत हीच बाउंड्री असेल, म्हणजे भिंतीच्या बाहेर लगेच शेजाऱ्याची जमीन, तर त्या भिंतीतून फ्लू काढताच येत नाही. शेजाऱ्याने परवानगी दिली तर पाइप टांगता येईल, पण ती तोंडी परवानगी घर विकलं की नव्या मालकाला बांधील नसते आणि ६०० मिलिमीटरचा प्रश्न तसाच उभा राहतो. उलट बाजूने, पाइप वीस वर्षं बिनतक्रार, बिनपरवानगी, उघडपणे तिथे असेल तर तो हक्क बनल्याचा दावा होऊ शकतो. अशा केसमध्ये ग्रुपवर विचारू नका, सॉलिसिटरकडे जा.

आता अवघड भाग: हद्द नक्की कुठे आहे? बहुतेकांना वाटतं लँड रजिस्ट्रीकडून टायटल प्लॅन मागवला, लाल रेघ बघितली की झालं. काही पौंडांत प्लॅन मिळतो हे खरं, पण ती रेघ म्हणजे ढोबळ हद्द आहे, २००२ च्या लँड रजिस्ट्रेशन अॅक्टमध्येच तसं म्हटलंय. शहरी भागातला प्लॅन साधारण १:१२५० या स्केलवर असतो. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सव्वा मीटर. आपण भांडतोय ३०० मिलिमीटरसाठी, म्हणजे कागदावर पाव मिलिमीटर, लाल रेघेची जाडीच त्याहून जास्त असते. कुंपण पण पुरावा नाही, मागच्या मालकाने वादळात पडलेलं कुंपण सोयीने अर्धा फूट आत-बाहेर लावलेलं असू शकतं. जुने डीड, घर बांधतानाचे प्लॅन, जुनी भिंत, यावरून अंदाज बांधावा लागतो, आणि हट्टालाच पेटलात तर बाउंड्री सर्व्हेअर. फ्लूच्या भांडणाचं बाउंड्रीच्या भांडणात रूपांतर होऊ देऊ नका. बाउंड्रीच्या केसेसमध्ये या देशातल्या लोकांनी फूटभर जमिनीसाठी घराच्या किमतीएवढी फी वकिलांना दिलेली आहे, कोर्टांनी त्यावरून वेळोवेळी कानउघाडणी पण केलीय.

एक बारकावा: डॉक्युमेंट जे मध्ये बाउंड्री म्हणजे मालकाच्या ताब्यातल्या जमिनीची हद्द, पण पलीकडे सार्वजनिक रस्ता किंवा गल्ली असेल तर काही नियमांसाठी तिच्या मध्यापर्यंत मोजता येतं. मागे सार्वजनिक गल्ली असलेल्या टेरेस्ड घरांना याचा फायदा होतो. दोन घरांच्या मधला शेअर्ड पॅसेज वेगळा, तिथे जमीन सहसा अर्धी-अर्धी असते आणि एकमेकांना फक्त जायचा-यायचा हक्क असतो.

प्लॅनिंग परमिशनचा मुद्दा पटकन उरकतो. घराला, फ्लॅटला नाही, फ्लू बसवायला सहसा परवानगी लागत नाही, छपराच्या सर्वात उंच भागाच्या वर एक मीटर किंवा जास्त जात नसेल तर. कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायचा म्हणून जाहीर केलेल्या भागात) रस्त्याकडे तोंड असलेल्या मुख्य किंवा बाजूच्या भिंतीवर लावायचा असेल तर लागते. प्लॅनिंगची गरज नाही म्हणजे शेजाऱ्याच्या जागेत डोकावायला मोकळीक मिळाली असं नव्हे. पार्टी वॉल म्हणजे दोन घरांची सामायिक भिंत, तिच्यातून फ्लू काढायचा विचारच करू नका, पलीकडे शेजाऱ्याची बेडरूम आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाहेरची भिंत बहुधा तुमची नसतेच, फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची असते, लीज वाचा आणि लेखी परवानगी घ्या.

तिसरा प्रश्न: त्रास होतोय का

समजा पॅसेज १.८ मीटरचा आहे, हद्द बरोबर मधे, म्हणजे भिंतीपासून ९०० मिलिमीटरवर. टर्मिनल भिंतीतून शंभरेक मिलिमीटर बाहेर आलंय, म्हणजे हद्दीपर्यंत ८०० उरले. ६०० चा नियम पाळला गेला. पाइप स्वतःच्या जागेत आहे. सर्टिफिकेट आलंय. आणि पलीकडे १.७ मीटरवर तुमच्या किचनची खिडकी, जी नोव्हेंबर ते मार्च उघडता येत नाही, काचेवर सतत पाणी, फ्रेमवर काळी बुरशी. इंजिनिअर म्हणतो सगळं नियमात आहे, आणि तो खरं बोलतोय. तुम्ही म्हणता त्रास आहे, तुम्हीपण खरं बोलताय. आपल्याकडे वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी खालच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर टपकतं तेव्हा एसी कायदेशीरच असतो की, तसलाच प्रकार.

इथे लागू होतो एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन अॅक्ट १९९०, कलम ७९. त्यात काउन्सिलने कोणत्या गोष्टींना उपद्रव मानायचं त्याची यादी आहे आणि ती वाचायला मजेशीर आहे. वाफ हा शब्द ज्या ओळीत आहे ती ओळ फक्त धंद्याच्या जागांसाठी, म्हणजे लाँड्री, कारखाने वगैरे. ते वाचून बरेच जण सांगतात की घरगुती बॉयलरच्या वाफेला कायदा लागूच नाही. पण दुसरी ओळ आहे फ्यूम्स (हवेतले अतिबारीक कण) आणि गॅस यांच्यासाठी, ती फक्त खासगी घरांसाठी आहे, आणि त्याच कलमाच्या शेवटी व्याख्येत लिहिलंय की गॅस म्हणजे त्यात वाफ आणि वाफेतून साचलेला ओलावा सुद्धा आला. म्हणजे बॉयलरचा प्लूम त्यात बसतो. पंख्याचा आवाज बेडरूममध्ये येत असेल तर आवाजासाठी वेगळी ओळ आहे.

बसतो म्हणजे जिंकलात असं नाही हां. तब्येतीला घातक किंवा खरोखर उपद्रव ठरावा लागतो, एन्व्हायर्नमेंटल हेल्थवाले येऊन बघतात, किती वेळ, किती वेळा, कुठल्या खोलीत, घरातल्या साध्या माणसाला सहन होण्यासारखं आहे का, असं सगळं. पटलं तर ते कलम ८० खाली नोटीस काढतात. नाही पटलं तर कलम ८२ खाली तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेट्स कोर्टात जाऊ शकता. माझं प्रामाणिक मत, थंडीत अधूनमधून समोरून ढग जातो एवढ्यावर नोटीस निघणं कठीण आहे, पण खिडकी उघडताच येत नाही, भिंत सतत ओली, घरात बाळ किंवा दमेकरी माणूस, अशा केसला वजन आहे.

याशिवाय जुना, जजांनी घडवलेला प्रायव्हेट न्यूसन्सचा, म्हणजे शेजाऱ्याकडून होणाऱ्या उपद्रवाचा कायदा आहे. १८६२ मध्ये बॅमफोर्ड विरुद्ध टर्नली म्हणून केस झाली, शेजाऱ्याने स्वतःच्या जमिनीवर विटा भाजल्या आणि धूर दुसऱ्याच्या घरात. त्यात बॅरन ब्रॅमवेल या न्यायाधीशाने मांडलेला विचार आजही वापरतात: जमिनीच्या रोजच्या सर्वसाधारण वापरातून होणारा थोडा त्रास एकमेकांनी सोसायचा, पण तो वापर शेजाऱ्याचा योग्य तो विचार करून केलेला असला पाहिजे. २०२३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या गच्चीवरून समोरच्या काचेच्या फ्लॅटांमध्ये लोक बघतात त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हाच धागा पकडला. बॉयलर चालवणं हा सर्वसाधारण वापर, त्यात वाद नाही. पण फ्लू छपरातून किंवा मागच्या भिंतीतून सहज काढता येत असताना स्वस्तात पडतं म्हणून शेजाऱ्याच्या खिडकीवर रोखला, हा विचार करून केलेला वापर आहे का, खरी चर्चा तिथे होते.

मग करायचं काय

आधी बोला. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही, कारण मनात "मुद्दाम केलंय" बसलेलं असतं. मुद्दाम कोणी करत नाही, बॉयलर बहुतेक वेळा डिसेंबरात बंद पडतो, घरात गरम पाणी नाही, इंजिनिअर येतो आणि जुन्या भोकातून नवा पाइप घालून संध्याकाळी निघून जातो, घरमालकाने बाहेर जाऊन बघितलेलंही नसतं. त्याला तुमच्या किचनमध्ये बोलवा, सकाळी सातला, हीटिंग सुरू होतं तेव्हा. चहा द्या. काचेवरचं पाणी त्याला स्वतः बघू दे. शेजारी आपलाच असेल, समोरचे जोशीकाका वगैरे, तर हे अजून अवघड जातं कारण काकांना तोंडावर सांगायचं कसं, मग ते गणपतीत दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जातं आणि बिघडतं.

बोलताना उपाय हातात असू द्या. सगळ्यात सोपा म्हणजे प्लूम मॅनेजमेंट किट, बहुतेक कंपन्या त्यांच्या बॉयलरसाठी विकतात. हवा घ्यायची जागा तिथेच राहते, फक्त सोडायच्या गॅसला एक जादा पाइप लावून तो भिंतीवरून वर नेतात आणि खिडकीपासून लांब, वरच्या बाजूला तोंड काढतात. कधीकधी तोंड फिरवणारा नुसता डिफ्लेक्टर पण पुरतो. कुठलंही किट चालत नाही, त्याच कंपनीचं, त्या मॉडेलसाठी मान्य असलेलंच लागतं. फ्लूची एकूण लांबी पण अमर्याद नसते आणि प्रत्येक वळण त्यातली लांबी खातं, साधारण ९० अंशाचं एक वळण म्हणजे मीटरभर पाइप गेला असं इंजिनिअर धरतात, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये. आडव्या पाइपाला बॉयलरकडे उतार ठेवायचा असतो म्हणजे आतलं पाणी परत बॉयलरमध्ये जातं, तुमच्या पॅसेजमध्ये ठिबकत नाही. बाहेर ठिबकत असेल तर उतार चुकलाय, किंवा तो फ्लू नसून शेजारचा कंडेन्सेटचा (बॉयलरच्या आत वाफ थंड होऊन जमलेल्या पाण्याचा) प्लॅस्टिक पाइप आहे. ते पाणी आम्लयुक्त असतं, ते ड्रेनमध्येच गेलं पाहिजे. पायवाटेवर सांडून जानेवारीत त्याचा बर्फ झाला आणि कोणी घसरलं तर वेगळंच प्रकरण उभं राहतं.

दुसरा उपाय फुकटचा आहे. बॉयलरचं फ्लो टेम्परेचर, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, कमी करायला सांगा. बरेच बॉयलर ७५-८० वर ठेवलेले असतात. रेडिएटरकडून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या वर असलं की कंडेन्सिंग बॉयलर नीट कंडेन्स करतच नाही, सगळं पाणी वाफेतून बाहेर. ६० च्या आसपास आणलं की जास्त पाणी आतच राहतं, गॅसचं बिलही कमी येतं. ढग पूर्ण जात नाही, पण शेजाऱ्याला सांगायला ही गोष्ट बरी आहे कारण त्यात त्याचाही फायदा आहे.

बोलून झालं नाही तर नोंद ठेवायला लागा, तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, कुठली खिडकी, फोटो आणि छोटे व्हिडिओ. मग ज्याचा प्रश्न त्याच्याकडे. अंतर चुकलंय किंवा काम बोगस वाटतंय तर गॅस सेफ रजिस्टर आणि काउन्सिलचं बिल्डिंग कंट्रोल. दुसऱ्याच्या घरात त्यांना सहज घुसता येत नाही, पण नोंद झाली की नाही हे काउन्सिलला कळतं. नियमबाह्य काम बदलायला लावणारी नोटीस काढायची मुदत पूर्वी १२ महिने होती, १ ऑक्टोबर २०२३ पासून ती १० वर्षं झालीय, त्यामुळे "आता काही होऊ शकत नाही" असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. त्रास हा मुद्दा असेल तर एन्व्हायर्नमेंटल हेल्थ. हद्द हा मुद्दा असेल तर काउन्सिलचा काही संबंध नाही, तो तुमचा खासगी वाद. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला किंवा एजंटला लिहा, भाडेकरूला बॉयलर हलवता येत नाही.

लेखी तक्रार करायच्या आधी एक गोष्ट माहीत असू द्या. घर विकताना टीए६ नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात शेजाऱ्यांशी वाद आणि तक्रारी झाल्या का असा सरळ प्रश्न असतो, आणि दोघांनाही आपापलं घर विकताना खरं लिहावं लागतं. म्हणून पुढच्या दोन वर्षांत घर बदलायचा विचार असेल तर चहाचा मार्ग जास्त सोयीचा. त्याच फॉर्ममध्ये बॉयलर आणि त्याच्या सर्टिफिकेटबद्दलही विचारतात, त्यामुळे ज्याने सर्टिफिकेट न घेता बसवलाय त्यालाही सुधारायचं कारण असतंच.

आणि एक काम कुठल्याही परिस्थितीत करू नका: टर्मिनल झाकणं, त्यात कापड कोंबणं, समोर पत्रा उभा करणं. रागात लोक करतात. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, पुण्या-मुंबईकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं जातात ती यानेच. पांढऱ्या ढगात मुख्यतः नायट्रोजन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड असतो, पण तुमच्या खिडकीतून प्लूम आत येतोय आणि घरात डोकं दुखणं, चक्कर असं काही होत असेल तर मिलिमीटर मोजत बसू नका, खिडक्या-दारं उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅस इमर्जन्सीच्या नंबरवर फोन करा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म स्वस्त असतो, प्लूम येतो त्या खोलीत लावून टाका.

उलटी केस पण बरेचदा होते. फ्लू वर्षानुवर्षं नियमात होता आणि शेजाऱ्याने नंतर एक्स्टेंशन बांधलं, नवीन खिडकी काढली, किंवा हद्दीवर सहा फुटी कुंपण ठोकलं. मग अंतर मोडतं ते बांधणाऱ्यामुळे, पण बॉयलर तुमचा असतो आणि सर्व्हिसला आलेला इंजिनिअर अॅट रिस्कचं लेबल तुमच्याच बॉयलरवर चिकटवतो. म्हणून शेजाऱ्याचे प्लॅन काउन्सिलच्या पोर्टलवर आले किंवा पार्टी वॉलची नोटीस दारात पडली की फ्लूची जागा त्याच्या आर्किटेक्टला आणि बिल्डिंग कंट्रोलला तेव्हाच ईमेलने कळवा, भिंत उभी राहिल्यावर नाही. स्वतःच्या घरालाच कॉन्झर्व्हेटरी (काचेची खोली) जोडून फ्लू आत घेणारे महाभाग पण आहेत, तिथे इंजिनिअर इमिजिएटली डेंजरस, म्हणजे तात्काळ धोका, म्हणून तुमची परवानगी मागतो आणि गॅस बंद करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बॉयलर अजून बसवायचाय त्यांच्यासाठी शेवटचं. क्वोट घेताना इंजिनिअरला बाहेर न्या, फ्लू कुठून निघणार तिथे खडूने खूण करायला लावा, त्या खुणेसमोर उभं राहून समोर काय दिसतं ते बघा. शेजाऱ्याची खिडकी, दार, किंवा ते उन्हाळ्यात बसतात ती जागा दिसत असेल तर प्लूम किटचा किंवा छपरातून काढायच्या फ्लूचा आकडा त्याच क्वोटमध्ये लिहून घ्या. तो म्हणेल इट्स फाइन मेट, एव्हरीवन डज इट. त्याला म्हणा, बरं, मग मॅन्युअलमधलं ते पान दाखव, आणि फ्लूचं समोरचं अंतर क्वोटवर लिहून दे.